जेल रोडवरून नवा फोन घरी आल्यावर

नवा फोन घेतला की पहिल्याच संध्याकाळी दोन तक्रारी ठरलेल्या: तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. दोन्ही खऱ्या असतात, पण त्यांवरून फोनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेळी तो आत शंभर कामं उपसत असतो. जुनी ॲप्स उतरवून घ्यायची, हजारो फोटोंतले चेहरे ओळखून लावायचे, मेल आणि संदेशांची शोधसूची तयार करायची. हे सगळं आटोपायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात इंदूरचा मे महिना आणि गच्चीलगतची खोली असेल तर चार्जिंग आपोआप मंदावतं. ते बॅटरी वाचवण्यासाठीच असतं. बॅटरीचा हिशेब चौथ्या दिवसापासून मांडावा.

दुकानातली कामं मात्र दुकानातच उरकावीत. जेल रोडवरच्या डॉलर मार्केट या मोबाइलबाजाराच्या गर्दीतही त्यांना पाच मिनिटं पुरतात. *#06# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून तोच आकडा टाकून 14422 वर एसएमएस केला की नोंद खरी आहे का ते कळतं. कच्च्या बिलावर दोन-पाचशे वाचतात आणि वॉरंटीच्या वेळी अंगाशी येतात. स्क्रीन गार्ड तिथेच लावून देतो म्हणाले तर साधी टेम्पर्ड ग्लास घ्या. यूव्ही दिव्याखाली सुकवायचा पातळ गोंद कडेने ओघळून कानाच्या स्पीकरच्या जाळीत आणि बटणांत शिरतो. आणि बोटाचा ठसा नोंदवायचा तो गार्ड लावल्यानंतर. आधी नोंदवलेला पुष्कळदा ओळखला जात नाही.

डेटा हलवायला केबल उत्तम. पण बऱ्याच फोनांच्या सी-पोर्टमध्ये अजून यूएसबी 2 चाच वेग असतो, म्हणजे सेकंदाला 30 ते 40 एमबी. 100 जीबीला पाऊण ते एक तास धरा. व्हॉट्सॲपचं काम वेगळं करावं. नव्या फोनवर तोच नंबर टाका आणि जुन्या गप्पा आणण्याचा पर्याय निवडा. मग जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स असं जाऊन नव्याच्या पडद्यावरचा क्यूआर स्कॅन करा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू हवं. घाईत ‘स्किप’ दाबलं गेलं तर ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपच्या भरवशावर राहायचं असेल तर आधी 15 जीबीत जागा उरलीय का पाहा. हल्ली व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो.

खरी अडकाअडकी यूपीआयची. ॲप नव्या फोनमधून बँकेला गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून सिम आणि फोनची जोडी बांधतं. म्हणून बँकेत नोंदलेलं सिम याच फोनमध्ये हवं, त्यात एसएमएस जाण्याइतकं रिचार्ज हवं, आणि दोन सिम असतील तर नेमकं तेच निवडायला हवं. ‘व्हेरिफिकेशन फेल’ येतं ते बहुतेक या तिघांपैकी एकामुळे. ई-सिम करून घ्यायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी करा, कारण सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद ठेवतात. आणि फोन बदलल्यावर बऱ्याच बँका पहिले 24 तास 5,000 रुपयांवर जाऊ देत नाहीत. आयफोनवर ही मुदत 72 तासांपर्यंत असते. मुलांची फी किंवा घरभाडं आधी जुन्या फोनवरून भरून टाकावं, हे बरं.

मराठीचं एक सांगायलाच हवं. आपल्याकडे दुकानदार फोन हिंदीत नाहीतर इंग्रजीत चालू करून देतो. मग बोलून लिहायला गेलं की ‘बाळ’चा ‘बाल’ आणि ‘काळा’चा ‘काला’. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी वेगळी जोडा, आणि बोलून लिहिण्याच्या भाषेतही ती आहे ना ते तपासा.

कॅमेऱ्याची परीक्षा दिवसा राजवाड्यासमोर घ्यावी. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्या वरच्या लाकडी नक्षीवर 1, 2 आणि 5 पट झूम लावून पाहा. रेषा रेषेसारखी राहते की ब्रश फिरवल्यासारखी होते, हे लगेच दिसतं. 50 मेगापिक्सेल म्हणून घेतलेला फोन एरवी चार पिक्सेलचा एक करून साडेबाराचाच फोटो देतो. त्यात गैर काही नाही, उजेड जास्त मिळतो. झूमचं भिंग खरंच वापरलं जातं का, हे मात्र अंधार पडल्यावर बघा. 5 पटीवर त्या भिंगावर बोट ठेवा. चित्र तसंच राहिलं तर फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतोय.

रात्री सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात तिथे नाइट मोड हमखास फसतो, कारण तो बऱ्याच फ्रेम एकावर एक रचतो आणि उडता द्रोण धुरकट फटकारा होऊन उरतो. प्रो मोडमध्ये शटर 1/500 सेकंदावर ठेवा आणि वाढलेल्या आयएसओचे, म्हणजे प्रकाशाच्या संवेदनक्षमतेचे, दाणे खपवून घ्या. जलेब्याचा, म्हणजे मोठ्या जिलेबीचा, व्हिडिओ घेताना काळे पट्टे सरकत असतील तर फोनला दोष देऊ नका. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओला शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, 60 फ्रेमला 1/100. 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये स्वस्त एलईडी लुकलुकणारच.

चार्जर खोक्यात नसेल तर घरातला जुना चालतो, हळू का होईना. 60 वॅटच्या पुढे जायचं तर केबलही 5 अँपिअरची हवी; साधी सी-टू-सी 3 अँपिअरवर थांबते. रोज 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर चालू करून विसरून जा.

जुना फोन आठवडाभर तसाच राहू द्या. ऑथेंटिकेटर या लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपमधले कोड एक्सपोर्टच्या क्यूआरने नव्यात आले, बँकेची ॲप्स उघडली, दुसऱ्या सिमवर फोन लागला, की मग जुन्यातून गूगल किंवा ॲपलचं खातं काढा आणि त्यानंतर रीसेट करा. क्रम उलटा झाला तर घेणाऱ्याच्या हातात कुलूप लागलेला फोन पडतो आणि पासवर्डसाठी फोन तुम्हालाच येतात.