मोराचं वांगं झालं तो दिवस

दिवाळी अंकांचा सीझन म्हणजे आमच्या प्रेसमध्ये दसऱ्याच्या आधीपासूनच कोणाला कोणाशी धड बोलायला वेळ नसतो. मी प्रीप्रेसला बसतो, म्हणजे आलेल्या फायली तपासायच्या, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत (आकाशी सायन, राणी रंगाचा मॅजेंटा, पिवळा, काळा), करायच्या, पानं लावायची आणि प्लेटला (दर शाईचा एक छपाईचा पत्रा) पाठवायच्या. पुण्यात १५-१६ वर्षं हेच करतोय, त्यामुळे ही गोष्ट सांगताना जरा लाजच वाटते.

एका अंकाचं कव्हर आलेलं. कॉलेजातल्या एका मुलीने आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रांच्या अ‍ॅपमध्ये काढलेलं, रात्रीचं आकाश, पैठणी नेसलेली बाई, हातात शेंदरी आकाशकंदील आणि पायाशी भलामोठा मोर. स्क्रीनवर तो मोर नुसता पेटल्यासारखा निळा दिसत होता. फाईल आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातली, तीही डिस्प्ले पी३ या जास्त भडक रंगांच्या प्रकारातली, आणि सगळे लेयर एकत्र करून दिलेली एक जेपेग. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. फोटोशॉपमध्ये फाईल उघडली. मग सवयीने कंट्रोल शिफ्ट वाय दाबलं, त्याने छपाईत न येणारे रंग करडे दिसतात, तर अख्खा मोर करडा! आणि मी काय केलं, तर ते बंद केलं, कन्व्हर्ट टू प्रोफाइल, फोग्रा ३९ (छपाईच्या रंगांचं ठरलेलं प्रोफाइल), ओके, फाईल प्लेटा बनवणाऱ्या सीटीपी मशीनला पाठवली आणि घरी गेलो. संपादकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ बघून अंगठा दिला होता ना, मग झालं.

सकाळी आलो तर छपाईचं मशीन चालवणारे काका हातात शीट धरून उभे. "अरे, हा मोर आहे का भरताचं वांगं?"

खरंच वांगं होतं हो. म्हणजे चकाकी, देठाकडचा हिरवा, सगळं.

आता हे असं का होतं ते सांगतो. मशीनच्या चार शायांमध्ये निळी शाई नसतेच. सायन आणि मॅजेंटा एकमेकांवर छापून निळा भासवायचा. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो आणि त्यातलाही बराचसा शाई खाते, त्यामुळे तो पेटलेला निळा येणं शक्यच नाही. फोटोशॉप बिचारं जवळचा रंग शोधतं, आणि मोराच्या मानेवर आकडा काय, तर सायन ९० टक्के आणि मॅजेंटा ८०. दोन्हीत निदान ३० चा फरक ठेवला नाही की निळा जांभळ्याकडे सरकणारच, हे नवीन पोरांना मीच शिकवतो. असो.

काका म्हणाले थांब, मॅजेंटा खाली घेतो. घेतला. मोर जरा सुधारला पण त्याच्या बरोब्बर वरती बाईचा चेहरा, तो कावीळ झाल्यासारखा पिवळा-हिरवट. कारण मशीनवर शाई कमी-जास्त करणाऱ्या कीज असतात त्या शीट ज्या दिशेने धावते त्या दिशेच्या पट्ट्यांवर काम करतात, एका पट्टीतला मॅजेंटा कमी केला की त्या पट्टीत वरपासून खालपर्यंत जे काही आहे त्या सगळ्यातूनच तो जातो. लोकांना वाटतं मशीनमन बटण फिरवून पाहिजे तो रंग आणतो. मोर वाचवायचा तर बाई जाते, बाई वाचवायची तर मोर.

त्यात दुसरं लफडं निघालं. भिंगातून बघितलं तर बाईच्या डोळ्याच्या बारीक रेघांना लाल-निळ्या कडा. आरजीबीतला काळा कन्व्हर्ट करताना चारही शायांत वाटला जातो, माझ्या फाईलीत चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज ३०० च्या वर गेलेली, आणि केसाएवढी रेघ चार प्लेटांनी छापायची म्हटल्यावर कागद जरासा हलला तरी कडा दिसणारच. आकाशातही तेवढीच शाई, म्हणजे वाळायला वेळ आणि थप्पीत वरच्या शीटच्या पाठीला डाग.

म्हटलं काका, मशीन थांबवा. पहिल्या चार प्लेटा भंगारात. मालकांना सांगितलं चूक माझी आहे, ते काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मुलीला फोन केला, ती तासाभरात स्कूटीवरून आयपॅड घेऊनच आली. लेयरसकट पीएसडी काढून दिली. तिचा ब्राइटनेस फुल, म्हटलं आधी तो निम्म्यावर आण. मग बसलो दोघं. मोराला सायन १००, मॅजेंटा ५५, बाईला हातच लावला नाही. रेघांचा लेयर फक्त काळ्या प्लेटवर, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचे रंग न कापता त्यांच्यावरच छापायचा. आकाशाला काळा १००, सायन ६०, बाकी दोन ४०-४०, म्हणजे २४०. ती म्हणाली, "दादा, मी सुरुवातीलाच सीएमवायके कॅनव्हास घेतला असता तर?" म्हटलं चित्र पहिल्यापासून थोडं फिकट दिसलं असतं पण आजचा धक्का बसला नसता, आणि प्रोक्रिएटमध्ये सीएमवायके नवीन कॅनव्हास उघडतानाच निवडावा लागतो, आरजीबीत काढून मग बदलायचं म्हणशील तर नाही होत.

यावेळी डिजिटल प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा रंगाचा नमुना, काढलं. आमच्याकडे रंग बघायचा ठराविक उजेडाचा लाइट बूथ वगैरे नाही, ट्यूबलाइटखाली प्रत्येक रंग खोटं बोलतो, म्हणून गच्चीत गेलो. ढग होते, पण तो उजेड बरा असतो. मोर मोरपंखी दिसत होता. कंदील मात्र मातकट. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हा शेंदरी नाही ना येणार?" पाचवी प्लेट टाकून वेगळी पँटोन शाई (त्याच रंगाची तयार शाई) भरली तर येतो, पण अंकाच्या बजेटात ते बसत नव्हतं. मग कंदिलातून सायन पूर्ण काढला आणि भोवतीचं आकाश अजून गडद केलं, तेवढ्याने तो जरा उठला.

नव्या प्लेटा यायला चार वाजले. काकांनी शे-दीडशे शीट वाया घालवून रंग बसवला, एक शीट तिच्यापुढे धरली. तिने सही केली, आणि जाताना कोपऱ्यात टाकलेली सकाळची वांग्याची शीट उचलली, गुंडाळी केली आणि म्हणाली, ही मी नेते.