तुम्ही विचारलंत म्हणून: गावातले कॅमेरे कुठल्या फंडातून?

"भाऊसाहेब, गावात कॅमेरे बसवायचेत. कुठल्या फंडातून बसतील?"

ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. (ग्रामसेवक हे पदच आता कागदावर राहिलं नाही, 2024 मध्ये त्याचं ग्रामपंचायत अधिकारी झालं. पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) विचारणारा सरपंच असतो, नाहीतर नवा निवडून आलेला सदस्य, कधी तंटामुक्तीचा अध्यक्ष. आदल्या आठवड्यात गावातून काहीतरी गेलेलं असतं: विहिरीवरची केबल, शेडातली मोटार, दारातली बुलेट. माणसं तापलेली असतात आणि कॅमेरेवाल्याचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेलं असतं.

सरळ उत्तर आधी देतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या पैशाची विभागणी केली ती 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता, त्याला हात लावायचा नाही. अबंधितमधून कॅमेरे घेता येतात. काम 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात यायला पाहिजे आणि त्याला ग्रामसभेची मंजुरी पाहिजे. त्याशिवाय स्वनिधी, म्हणजे पंचायतीचा स्वतःचा पैसा आहे, आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन आहे, लोकवर्गणी आहे. गाव कारखान्याजवळ असेल तर कारखान्याचं दार वाजवून बघायचं.

एवढं ऐकलं की लोक फोन ठेवायला बघतात. मी ठेवू देत नाही. कारण पैसा मिळणं हा यातला सोपा भाग आहे. कॅमेरा ही दिसणारी वस्तू आहे, तिचं उद्घाटन होतं, फीत कापता येते. म्हणून तिला पैसा सापडतो. तिच्या पुढच्या पाच वर्षांना कोणी सापडत नाही.

मी काम केलेल्या एका गावातली गोष्ट. कॅमेरे जिल्हा नियोजनातून आले होते, चौकात मोठा बोर्ड लागला होता. दोन पावसाळे गेल्यावर गावात एका रात्रीत दोन घरं फुटली. सकाळी हवालदार पेन ड्राइव्ह घेऊन आले. आम्ही कार्यालयामागच्या खोलीत डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगची पेटी, उघडला. त्याचं घड्याळ साडेचार तास मागे होतं, म्हणजे चोरीची वेळ धरून शोधायचं तर दिवस उजाडलेला दिसत होता. कॅमेऱ्यांपैकी निम्मे काळे. जो चालू होता त्याच्या काचेवर कोळ्याने जाळं विणलेलं. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि पडद्यावर पांढरी जाळी तेवढी हलत राहते. त्या जाळीमागून कोणीतरी मोटारसायकल ढकलत गेलं, एवढं कळलं. हवालदारांनी विचारलं, महिन्यामागचं काही आहे का, रेकी करायला आले असतील तर? नव्हतं. पंधरा दिवसांनी जुनं पुसलं जात होतं. दिवस वाढवायचे तर पासवर्ड हवा, आणि पासवर्ड ठेकेदाराच्या पोराला माहीत, ते पुण्याला कंपनीत लागलेलं.

देखभालीचा पैसा कोणाकडे मागायचा? ज्यांनी कॅमेरे दिले ते म्हणाले, हस्तांतर झालं, आता पंचायतीचं. पंचायत म्हणाली, ही पोलिसांच्या कामाची वस्तू. पोलीस ठाणं म्हणालं, आमच्या मालमत्तेत याची नोंदच नाही. तिघांचंही कागदावर बरोबर होतं.

याचं मूळ घटनेतच आहे. पोलीस हा राज्याचा विषय. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, त्यांत पोलीस नाहीत. पंचायतीकडे खांबावरचा दिवा आहे, त्याखालून गस्त घालणारा हवालदार सरकारचा आहे, आणि दिवा बंद होता म्हणून झालेली चोरी कोणाचीच नाही. मधला दुवा पोलीस पाटील. वतनी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली आणि 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाने आजचं पद आलं. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात, मानधन राज्य सरकार देतं. 2024 मध्ये ते महिना 6,500 वरून 15,000 करायचा निर्णय झाला. चांगलं झालं, उशिरा झालं. तो ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसतो, पण ग्रामसभेला उत्तर द्यायला बांधील नाही. ग्रामसभाही त्याला काही देत नाही. बॅटरीचे सेल स्वतःच्या खिशातून आणणारे पोलीस पाटील मी बघितले आहेत.

गावाला पैसे देऊन गावाकडूनच शांतता राखून घ्यायची, असा मोठा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला: महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला ती सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, तंटे गावात मिटवायचे, मूल्यमापनात गुण मिळवायचे आणि लोकसंख्येच्या हिशोबाने लाखांत बक्षीस घ्यायचं. मी ती जवळून बघितली. बांधाची भांडणं, सामाईक विहिरीची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या खरंच मिटल्या, कोर्टाच्या चकरा वाचल्या. पण गुण म्हटले की गावाचा शाळकरी पोर होतो. "यंदा आपलं गाव बसतंय, तुझी केस थोडी थांबव" असं मार खाऊन आलेल्या बाईला सांगितलेलं मी ऐकलंय. गुन्हा कमी झाला की नोंद कमी झाली, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. आणि बक्षीस एकदा येतं. कमान उभी राहते, तिच्यावर नाव राहतं, समिती पुढच्या 15 ऑगस्टपर्यंत दिसत नाही. आताही बऱ्याच गावांत तंटामुक्ती अध्यक्षपद म्हणजे सरपंचपद हुकलेल्याचं समाधान. हे लिहिलेलं काही अध्यक्षांना आवडणार नाही. इलाज नाही.

लोकवर्गणीबद्दल फार लोक विचारतात, कारण त्यात टक्केवारी नाही, टेंडर नाही, पंधरा दिवसांत काम. खरं आहे. पण ज्याची वर्गणी त्याच्याकडे कॅमेऱ्याचं तोंड. सराफाने दोन कॅमेरे दिले की दोन्ही सराफाच्या शटरकडे बघतात. खताच्या दुकानदाराने दिला की गोडाऊनकडे. एसटी थांब्यावर संध्याकाळी कॉलेजच्या मुली उभ्या असतात, तिथे कोण देणार? ऊसतोडीच्या कोप्यांकडे, मागासवस्तीच्या रस्त्याकडे? आणि ज्या चोरीने गाव तापलेलं असतं, ती केबलची चोरी, ती तर शिवारात होते. तिथे ना कॅमेरा, ना खांब. वर्गणी जरूर घ्या. पण पावती पंचायतीची फाडा आणि जागा ग्रामसभेत ठरवा.

केबलचं निघालं म्हणून सांगतो. चोर तांब्याची तार ओढ्यात नेऊन जाळतात, वरचं प्लास्टिक गेलं की तांबं भंगारात विकतात. एका गावाने ग्रामसभेत ठरवलं की गावात येणाऱ्या भंगारवाल्याने जळकी तार घ्यायची नाही, आणि कसलंही तांबं घेतलं तर देणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. ती वही दर आठवड्याला बीट अंमलदाराने, म्हणजे त्या भागातली गावं सांभाळणाऱ्या पोलिसाने, बघायची. खर्च एका वहीचा. हा ठराव भंगारवाल्यावर कितपत बंधनकारक, असं वरिष्ठांनी विचारलंच. पण त्या हंगामात तिथल्या तारेच्या चोऱ्या जवळजवळ थांबल्या. शेजारच्या दोन गावांत वाढल्या, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून हे काम एकट्या गावाचं नाही, निदान बीटातल्या सगळ्या गावांनी एकदम केलं पाहिजे.

आता गस्त. ग्रामसुरक्षा दलाची तरतूद कायद्यात आहे, ठाण्यातून ओळखपत्रं मिळतात, शिट्ट्या-काठ्या मिळतात. गावात चोरी झाली की आठ दिवस पोरं जोमात असतात, मग पाऊस पडतो. हे चालायचंच. मला भीती वेगळी आहे. ओळखपत्र नाही, रजिस्टर नाही, ठाण्याला माहिती नाही, नुसत्या व्हॉट्सअॅपच्या मेसेजवर पोरं काठ्या घेऊन बाहेर पडतात ती. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या खोलीत आम्ही आयुष्यभर उतारे आणि दाखले दिले तसल्या खोलीत. पालघरला गडचिंचले इथे 16 एप्रिल 2020 ला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असाच अफवांच्या रात्री मारला गेला. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडी मराठवाड्यात ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागत होती, तेव्हा मला झोप लागत नसे ती ड्रोनमुळे नव्हे. म्हणून कोणी गस्तीचा विषय काढला की मी काठ्यांच्या आधी वहीचं विचारतो. आज रात्री कोण आहे, किती वाजता निघाले, कोणाला हटकलं, ठाण्यात फोन केला का. भटक्या माणसाला अडवलं तर पहिला फोन पोलीस पाटलाला आणि दुसरा पोलिसांच्या 112 नंबरला. हे लिहून, वाचून, सह्या घेऊन.

भिवंडीचं उदाहरण जुने लोक देतात, ते बरोबरच देतात. 1970 आणि 1984 च्या दंगली झालेल्या गावात 1988 पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या बांधल्या आणि 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यात मोठा निधी नव्हता. पोलिसाने नेमाने मोहल्ल्यात जाऊन बसायचं, एवढंच होतं. पण अधिकारी बदलून गेला की बसणं बंद होतं, हा अशा प्रत्येक कामाचा शाप आहे.

माझा पुतण्या इंग्लंडात असतो. त्याच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलावर पोलिसांचा हिस्सा वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. तिथे 2012 पासून पोलिसांवर देखरेख करायला माणूस निवडून द्यायची पद्धत आहे. पहिल्या निवडणुकीला जेमतेम 15 टक्के मतदान झालं, आणि 2028 ला हे पदच बंद करायचं असं त्यांच्या सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं. निवडणुकीचं राहू दे, मला ती बिलावरची ओळ आवडली. आणि मग लक्षात आलं की तशी ओळ आपल्याकडेही आहे. घरपट्टीची पावती काढून बघा. घरपट्टी, आरोग्य कर, आणि दिवाबत्ती कर. गावाच्या राखणीसाठी गाव स्वतःच्या खिशातून भरतं तो हाच पैसा, पिढ्यान् पिढ्या. त्याची वसुली किती, त्यातून किती खांब चालू आहेत, बिल किती थकलंय, हे ग्रामसभेत कोणी विचारत नाही. 2021 मध्ये थकबाकीपायी राज्यात ठिकठिकाणी पथदिव्यांच्या जोडण्या तुटल्या आणि मग वित्त आयोगाच्या पैशातून बिलं भरायची परवानगी द्यावी लागली. त्या अंधारातही कॅमेऱ्यांची कोटेशनं येत होती.

देखरेखीचा एक नमुना सुप्रीम कोर्टानेच घालून दिलाय, फक्त तो ठाण्यांच्या आतल्या कॅमेऱ्यांसाठी आहे. 2 डिसेंबर 2020 च्या आदेशात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, रेकॉर्डिंग 18 महिने आणि ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायला सांगितलं, आणि त्यावर जिल्हा समिती नेमली. त्या समितीत कलेक्टर आणि एसपींबरोबर ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख, शहरात महापौर धरलेत. म्हणजे ठाण्यातला कॅमेरा चालतो की नाही, हे विचारायचा हक्क लोकांनी निवडलेल्या माणसाला आहे. चौकातला कॅमेरा मात्र कोणाच्या मोबाइलवर दिसतो? काही गावांत सरपंचाच्या. कोण कोणाच्या दारी गेलं, हे त्याला घरबसल्या कळतं. सरपंच बाई असतील तर त्यांच्या मालकांच्या मोबाइलवर. याच्याबद्दल ग्रामसभेत चकार शब्द निघत नाही.

तर कॅमेरे घ्यायचेच असतील तर ठरावात एवढं लिहून घ्या. कोणाच्या ताब्यात, पासवर्ड कोणाकडे, फुटेज किती दिवस ठेवायचं, कोणाला द्यायचं आणि दिल्याची नोंद कुठे. देखभालीला दरवर्षी स्वनिधीतून किती. काच कोण पुसणार, त्याचं नाव, नुसतं 'शिपाई' नको. बसवणाऱ्याच्या बिलातला काही भाग वर्षभर रोखून ठेवा, तो उचलायला तरी माणूस परत येईल. आणि वर्षात चार ग्रामसभा होतात, प्रत्येकीला बीट अंमलदाराला पत्र देऊन बोलवा. येतील न येतील. पत्राची पोच मात्र दप्तरी लावा, पुढच्या वेळी एसपी ऑफिसला लिहिताना ती लागते.

त्याआधी एका संध्याकाळी सदस्यांना घेऊन गावातून चालत जा आणि बंद खांब मोजा. तो आकडा आणि दिवाबत्ती कराची वसुली एका कागदावर लिहून मला पाठवा. मग कोटेशन बघू.