तुम्ही विचारलंत म्हणून: मागचा अर्धा गळ मोकळा का?

माझी माश्यांची डबी उघडली की हा प्रश्न येतोच. माश्या म्हणजे ट्राउट पकडायला गळावर दोरा-पिसांनी बांधलेले नकली किडे; मेफ्लाय हा त्यांतला एक नाजूक पाणकिडा. "तुमच्या मेफ्लायची शेपटी दांडीच्या मध्यावर का सुरू होते? मागचा अर्धा गळ उघडाच?" आणि मग जरा थांबून, "22 नंबरवर बांधणं जमत नाही का?" गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान.

जमतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकलं जाईल. नऊ वर्षं मी 22 आणि 24 सोडून फारसं काही बांधतच नव्हते. 16/0 चा, म्हणजे अगदी बारीक दोरा, तोही पीळ उलगडून चपटा केलेला. पिळाच्या दोऱ्याने एकेका वेढ्याला जी जाडी वाढते, ती त्या मापाला परवडत नाही. शेपटीला मायक्रोफिबेटचे (कृत्रिम तंतूचे) दोन केस, मधून दोरा ओढून फाकवलेले. पोटाला डबिंग, म्हणजे दोऱ्यावर वळलेली लव, नाहीच; नुसता दोरा, किंवा लव खरवडून काढलेला मोरपिसाचा एक तंतू. स्पिनर, म्हणजे आयुष्य संपून पाण्यावर पडणारी मेफ्लाय, असेल तर पॉलीच्या (कृत्रिम) धाग्याचे आडवे पंख. आणि गळाच्या नेढ्यामागे शेवटच्या गाठीपुरती जागा राखायची. ती राखायला शिकण्यातच माझे पहिले दोन हिवाळे गेले. त्या काळातल्या कितीतरी माश्या नेढं बुजलेल्या निघाल्या.

लहान का, याचं माझं उत्तर तेव्हा होतं तेच आजही आहे. ट्रायको या इवल्या मेफ्लायचे स्पिनर सकाळी पाण्यावर पडायला लागले की ट्राउट पृष्ठभागाच्या लगेच खाली येऊन थांबतो आणि समोरून येईल तेवढंच उचलतो. इतकं खाणं वाहत येत असतं, की चार बोटं बाजूला सरकायचीही त्याला गरज नसते. पंख आडवे पसरून मेलेले ते किडे जेमतेम 4-5 मिलिमीटरचे. अशा वेळी रंग थोडा चुकला तर चालतो, लांबी चुकली तर नाही. यावर माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी एकदा अशी सकाळ पाहावी.

पण लांबी किड्याची. गळाची नव्हे. हा फरक माझ्या डोक्यात शिरायला एक मासा मरावा लागला.

उन्हाळ्याचा शेवट होता, सकाळचे साडेनऊ. स्पिनर पडून पडून संपत आले होते. काठालगत एकच मासा खात होता. नाक वर येत होतं, नाकानंतर पाठीचा पर दिसेपर्यंत बराच वेळ जात होता, त्यावरून तो केवढा असेल याचा अंदाज आला. माझी 24 नंबरची माशी, 7 एक्सचा टिपेट. म्हणजे दोरीच्या टोकाचा 0.1 मिलिमीटर जाडीचा धागा. चौथ्या फेकीला त्याने ती घेतली.

पुढचं मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. 24 चा गळ माशाच्या तोंडात फार थोडी पकड घेतो. जोर लावला तर गळ सरळ होईल किंवा मांस फाटून निसटेल, आणि त्याआधी 7 एक्स तुटेल. म्हणून मी जोर लावला नाही. तो गेला तिकडे जाऊ दिलं. तीन वेळा जाळीपाशी आणला, तीन वेळा गेला. वीस मिनिटं तरी झाली असावीत. माझ्या खिशात थर्मामीटर होता. पाणी 20 अंशांच्या पुढे गेलं की ट्राउटला धरू नये, हे मला पाठ होतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेल्या माशाला तो जास्त हवा, हे मी इतरांना समजावून सांगत असे. त्या सकाळी मी थर्मामीटर बाहेर काढला नव्हता.

मासा जाळीत आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माशी पाहिली. ती जबड्याच्या कोपऱ्यात होती, पंख अजून आडवे, शेपटीचे दोन्ही केस फाकलेले, एक वेढाही सुटला नव्हता. ते नीट दिसावं म्हणून मी मासा पाण्याबाहेर उचलला. फोटो काढला. दुसरा काढला, कारण पहिल्यात माशी धूसर आली होती.

मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले हलत होते. शेपटीने एक ढकल दिल्यासारखं वाटलं, मी हात सोडला आणि तो निघून गेला. मी खूश होते. पंधरा मिनिटांनी खालच्या उथळ पाण्यात तो पोट वर करून दगडाला अडकलेला दिसला. पाण्यात उतरून त्याला पुन्हा सरळ धरलं, बराच वेळ धरलं. मग थर्मामीटर बुडवला. 21.

नऊ वर्षं माझं म्हणणं होतं की लहान गळ माशाला दयाळू असतो, जखम केवढीशी होते. जखम खरंच केवढीशी होती. आणि आजही मला मनातून वाटतं, दोष माशीचा नव्हता. पाण्याचा होता, थर्मामीटर न काढण्याचा होता, त्या दुसऱ्या फोटोचा होता. पण दर वेळी इथवर आले की ती वीस मिनिटं आठवतात. ती त्या गळामुळेच लागली.

म्हणून 18 नंबरचा गळ, उलटा काटा चिमटून बसवलेला, आणि त्याच्या पुढच्या अर्ध्यावर 22 ची माशी. नेढ्यातून 5 एक्सचा जाड टिपेट सहज जातो. पकड खोल बसते, मासा लवकर जाळीत येतो. मोकळी दांडी आणि बाक माशाला दिसत असेलच, पण 22 चा बाक तरी कुठे लपतो? तारेच्या वजनाने माशी खाली बसते हा आक्षेप खरा आहे. मेलेला स्पिनर पाण्याच्या पापुद्र्यातच रुतलेला असतो, त्याला ते चालतं. बेटिस या मेफ्लायच्या डनला, म्हणजे नुकतेच पंख फुटून पाण्यावर बसलेल्या किड्याला, मात्र सीडीसीचा (बदकाच्या शेपटीजवळच्या पिसांचा) पंख थोडा दाट घ्यावा लागतो. आणि प्रमाण बिघडलं म्हणता, तर अमेरिकेतला माशी बांधणारा व्हिन्सेंट मॅरिनारो याने 1950 च्या आधीच पंख दांडीच्या मध्याकडे सरकवला होता. खालून मासा काय पाहतो ते आधी पाहून.

"माशांची एवढी काळजी, तर गळ टाकताच कशाला?" असंही कुणी म्हणतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी तरीही जाते.

आणि 18 वर बांधलेली अर्धी माशी काही मासे नाकारतात, हेही कबूल. वर येतात, पाहतात, खाली जातात. त्यांना मी सोडून देते. गेल्या हंगामात दोघांना नाही सोडलं. डबीच्या कोपऱ्यातून जुनी 22 काढली. पाणी आधी मोजलं होतं, 12 अंश.