तिसरं कोकरू

जानेवारीतली पहाट. मेहकरकडच्या एका गावात, तूर काढून मोकळ्या झालेल्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. फोनवर मेंढपाळ बाबा एवढंच बोलले, "म्याडम, तीन देल्ले हो तिनं. तिसरं गार पडून रायलं."

मी पोचले तेव्हा दोन कोकरं कासेला लागली होती. तिसरं पोत्यावर पडलेलं. तोंडात बोट घातलं तर आतूनही गार, चोखायची ताकदच नाही. काट्यावर भरलं १ किलो ३०० ग्रॅम. शेकोटीजवळ धरून ऊब दिली. आईचा चीक दोघांनाच जेमतेम, म्हणून रात्री व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा चीक पिळला, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट केला आणि बारीक नळीनं थेट पोटात सोडला.

"एडका जोरदार होता, म्हणून तीन झाले," बाबा म्हणाले.

मला राहवलं नाही. एका वेळी किती पिलं होणार, हे मेंढीच्या अंडाशयातून किती अंडी सुटतात त्यावर ठरतं. या खेपेच्या एडक्याचा त्यात हात नाही. हिच्या बापाचा मात्र असू शकतो. तो एडका बाबांनी चार वर्षांपूर्वी फलटणकडून आणला होता. तिथल्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक, फेकबी, आपल्या दख्खनी मेंढीत आणलं आहे.

आम्ही कॉलेजात शिकलो ते असं, की अंडं गप्प बसतं आणि भोवतालच्या पेशी त्याला पोसतात. पण अंडंच त्या पेशींना हुकूम सोडतं. जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही दोन प्रथिनं स्रवून ते त्यांना वाढायला लावतं. १९९६ साली जीडीएफ-९ नसलेल्या उंदरिणी तयार केल्या, तर त्यांच्या बीजपुटिका, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या पिशव्या, सुरुवातीलाच अडल्या आणि त्या वांझ राहिल्या. न्यूझीलंडच्या काही मेंढ्यांत खुद्द बीएमपी-१५ च्या जनुकात बिघाड आहे. एक प्रत बिघडलेली असेल तर जास्त कोकरं, दोन्ही बिघडलेल्या असतील तर मेंढी कायमची वांझ. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

फेकबीत हुकूम ठीक असतो, तो ऐकणारा पेशींवरचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, बदललेला असतो. २००१ साली ते उलगडलं. अशा मेंढीच्या बीजपुटिका लहान असतानाच पक्व होतात, म्हणून एकाच माजात दोन-तीन अंडी सुटतात. दोन्ही प्रती असल्या तरी ती वांझ होत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग ह्या दोन पाटी ईकू नोको?"

"थांबा. आईत फेकबीची एक प्रत असली तर प्रत्येक पाटीत, म्हणजे मादी कोकरात, ते असायची शक्यता निम्मी. रक्त तपासू."

मेंढीचं रक्त घेतलं, नळीवर तारीख टाकली. तेवढ्यात सुनेनं विचारलं, "म्याडम, तिसऱ्याले दूध कोठून आनू?"

हाच खरा प्रश्न होता. हे जनुक अंडी वाढवतं, कासेतलं दूध वाढवत नाही. वैरणीची सोय न पाहता असे एडके वाटायला माझा म्हणूनच विरोध आहे. शेळीचं दूध, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं, असं तिला समजावलं. तिनं खुंट्याची शेळी सोडून आणली आणि कोकरू मांडीवर घेतलं. नऊच्या सुमाराला त्यानं माझं बोट धरलं.