पीडीचा अर्ज

सोलापुरात वीज कंपनीच्या उपविभागात मी बिलिंगला आहे. एप्रिलात काउंटरवर येतात ते बिल जास्त आलं म्हणून भांडायला. त्या दिवशी आलेल्या गृहस्थाला मात्र मीटरच नको होतं. पीडीचा, म्हणजे कायमची वीज तोडण्याचा अर्ज, आधारची झेरॉक्स, थकबाकी शून्य. कारण : 'घर बंद आहे'.

ग्राहक क्रमांक टाकला. दर महिन्याला साठ-सत्तर युनिट, गेल्या महिन्यातही. बंद घरात वीज जाळतं कोण? विचारलं तर, "कुणी नाही ओ, तोडून टाका."

लाइनमनला म्हटलं, तोडायच्या आधी दार वाजव. (माणूस फटकळ, पण माणसांतला.) तासाभरात फोन. "मॅडम, आत बाई हाय, दोन पोरं हायत. मांडीवर सूप घेऊन विड्या वळालीय. पक्कड काढू का ठेवू?"

"ठेव."

दुपारी ती आली. बोटं तंबाखूनं पिवळी. नवरा दुसरीकडं राहतो. आधी गॅसचा रेग्युलेटर काढून नेला, मग मजुरीच्या खात्याचं एटीएम. खात्याला मोबाइल त्याचा, त्यामुळं ओटीपीही त्यालाच. कंटाळून तिनं माहेर गाठावं म्हणून आता लाइट. "पण मारत नाही ओ," हे मात्र ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मारलंच पाहिजे असं नाही. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ वेगळा लिहिलाय. घरखर्च अडवणं, स्त्रीधन दडवणं, राहत्या घरातल्या सोयी बंद करणं त्यात येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार देता येते, मॅजिस्ट्रेट कलम 23 खाली अंतरिम आदेश देऊ शकतात. वीज कायदा 2003चं कलम 43 तर आमच्याच घरचं : मालकच नव्हे, जागेत राहणाराही वीज मागू शकतो. काउंटरवर उतारा मागायची सवय इतकी मुरलीय की हे कुणाला आठवत नाही.

साहेबांनी अर्जावर शेरा मारला, 'जागेत वास्तव्य आढळले'. लाइनमनच्या अहवालाची प्रत तिच्या तक्रारीला जोडली.

नवऱ्यानं मग बिल भरणंच सोडलं. थकबाकीसाठी तोडायचं तर कलम 56प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. एसएमएस जातो नोंदलेल्या मोबाइलवर, म्हणजे त्याच्याच. म्हणून लाइनमनला बजावून ठेवलंय : कागद निघाला तर तिच्या हातात द्यायचा, दाराला चिकटवून यायचं नाही.