कुंडीमागच्या निळ्या गोळ्या

लोकांच्या बागांची निगा राखणं हे माझं काम. पावसाळ्यात शेंब्यांची तक्रार रोजचीच. शेंबी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. त्या सकाळी मात्र काकूंचा फोन आला तो कुत्र्यासाठी. "अगं, शेरू बघ कसा करतोय, लवकर ये!"

शेरू पायरीवर आडवा पडला होता. पाय ताठ, तोंडाला फेस, अंग थडथड उडत होतं. हात लावला तर चटका बसावा इतका ताप. काकूंना वाटत होतं, साप चावला. माझं लक्ष वाफ्याकडे गेलं. आठ दिवसांपूर्वी मी लावलेल्या झेंडूच्या रोपांभोवती निळ्या गोळ्या मूठमूठभर पडल्या होत्या आणि कुंडीमागे त्यांचं पाकीट चघळून फाडलेलं. पाकिटावर नाव होतं मेटाल्डिहाइड, म्हणजे शेंब्या मारायचं विष.

ते पाकीट सोबत घेतलं, हे बरं झालं. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. या विषाला उतारा नाही. झटके थांबवायचे, अंग थंड ठेवायचं, पोटातलं विष काढायचं, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. गोळीत धान्याचा भुगा असतो, म्हणून शेंबीइतकीच ती कुत्र्यालाही आवडते. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळेच ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२च्या मार्चअखेरीपासून मेटाल्डिहाइड उघड्यावर वापरायला बंदी आहे.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "तुझी रोपं सगळी कुरतडली होती गं. तुला वाईट वाटेल म्हणून मीच आणून टाकल्या."

मला काही बोलवेना. कोवळी रोपं मी लावून गेले, शेंब्यांबद्दल एक शब्द बोलले नाही. वर "पाणी संध्याकाळी घाला" हेही मीच सांगितलेलं. ओली माती आणि पुढे अख्खी रात्र, शेंब्यांना आणखी काय हवं? यात काकूंचा दोष मी कसा काढणार?

दुपारनंतर झटके थांबले. शेरूला रात्रभर तिथेच ठेवायचं ठरलं. आम्ही घरी आलो आणि हातमोजे घालून अंधार पडेपर्यंत गोळ्या वेचल्या. विरघळून लगदा झालेल्या ठिकाणची वरची मातीही खरवडून काढली.

रात्री नऊला टॉर्च घेऊन वाफ्यात गेलो. काकूंनी हे कधी पाहिलंच नव्हतं. एका पानाच्या कडेवर शेंबी चिकटलेली, डोक्यावरची दोन लांब शिंगं पुढे काढून. कान जवळ नेला तर किसणीवर हलकेच घासल्यासारखा आवाज. तिची जीभ खरोखर किसणीच असते, बारीक दातांच्या रांगांची. एकेक उचलून साबणाच्या पाण्यात टाकली. त्रेसष्ट भरल्या. मिठाला मी हात लावू दिला नाही, मीठ मातीत उतरलं की रोपांचंच नुकसान.

मग भिंतीलगतची कुजकी फळी उचलली. खाली एक भेक, म्हणजे खरखरीत अंगाचा बेडूक, बसला होता, मातीच्याच रंगाचा, गळा धडधडत. शेजारी एका छोट्या गोगलगायीच्या शंखात तोंड खुपसून काळपट, खवल्याखवल्यांची अळी. काजव्याची. दोघंही शेंब्या-गोगलगायी खातात.

"अगं बाई, ह्याला तर मी रोज काठीने हाकलते," काकू म्हणाल्या. फळी मी होती तशी, अगदी हळू, ठेवली. त्या गोळ्या आणखी राहिल्या असत्या तर या वाफ्यात काय उरलं असतं, या विचाराने मला कसंतरीच झालं.

आता तिथे पाणी सकाळी घातलं जातं. रोप वीतभर होईपर्यंत कुंडीत, उंचावर. रात्री ओलं गोणपाट अंथरायचं, सकाळी उलटून खालच्या शेंब्या गोळा करायच्या. माती उकरताना साबुदाण्यासारखी अंडी दिसली की काढायची. यानेही भागलं नाहीच तर फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या, त्याही मोजक्या, विखरून. ढीग करायचा नाही आणि पाकीट कपाटात, कुलपाआड. कुजका पाला खाणाऱ्या शेंब्यांच्या वाटेला मी जात नाही, खताच्या ढिगात त्या उपयोगीच आहेत.

तिसऱ्या दिवशी शेरू घरी आला, मान खाली, पण चालत. झेंडूची निम्मी रोपं गेली, उरलेली फुटली.

परवा रात्री काकूंचा फोन, आवाज एकदम दबका. "अगं, आज फळीखाली दोन आहेत."