केस न गळणारा कुत्रा

पावसाळ्यात आमच्या कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या दुकानात केसांच्या गुंत्यांचीच कामं जास्त. भिजून आलेल्या कुत्र्याला टॉवेलने खसाखसा पुसतात आणि तसंच सोडून देतात. त्या दिवशी कोथरूडचे एक काका-काकू शिट्झू जातीचा, लांब केसांचा कुत्रा घेऊन आले. वय दहा-अकरा महिने, नाव लाडू.

काकूंनी दारातूनच सांगितलं, "आमचा लाडू केस गाळतच नाही हं. सोफ्यावर एक केस सापडायचा नाही."

मी त्याच्या पाठीत बोटं घातली तर ती आत जाईनात. वर छान मऊ केस आणि खाली कातडीला लागून घोंगडीसारखा घट्ट थर. शिट्झू, माल्टीज, पूडल यांचे केसही गळतात. लॅब्रॅडॉरचा केस फरशीवर पडतो, यांचा शेजारच्या लांब केसांत अडकून बसतो, एवढाच फरक. झाडूचं काम वाचतं ते कंगव्याच्या वाट्याला येतं. त्यात हे वय पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे यायचं, म्हणजे गुंता सगळ्यात जास्त. काका रोज ब्रश करत होते, पण मऊ ब्रशने, वरच्या वर.

"आधी आंघोळ घाल, मग सुटेल ना? कापू नकोस गं," काकू म्हणाल्या. पाण्याने गुंता आणखी आवळतो, हे त्यांना समजावताना माझी निम्मी ताकद गेली. नातवाला अ‍ॅलर्जी, म्हणून मुद्दाम ही जात घेतली होती. अ‍ॅलर्जी होते ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती याच्याही अंगावर असतातच. पण विकणारे हे कशाला सांगतील?

शेवटी केस कापायच्या मशीनला 10 नंबरचं ब्लेड लावलं. अंगावर जेमतेम दीड मिलिमीटर केस राहतात. ब्लेड तापतं, म्हणून दर थोड्या वेळाने मनगटाला लावून बघायचं आणि बदलायचं. पाठीवरचा थर अखंड निघाला. कानांना मी जास्त वेळ दिला. गुंता निघाला की दबलेल्या कानात रक्त जोरात येतं, कुत्रा डोकं झटकत राहतो आणि पाळीत रक्त साकळून ती फुगते. म्हणून कान मोकळे झाल्यावर डोक्याला सैलसर पट्टी बांधली. एवढं सगळं होईपर्यंत लाडू शहाण्यासारखा उभा होता.

मागच्या डाव्या पायाला हात लावला आणि तो गुरगुरला.

"तो पाय जरा लचकलाय," काका म्हणाले. "सोफ्यावरून उडी मारतो ना."

पंज्याच्या वरचे केस चाटून चाटून तांबूस झाले होते. वास येत होता. वरवरचे केस कात्रीने हळूच बाजूला केले, तर सुजलेल्या मांसात एक काळी रेघ. आधी मला ती वाळलेल्या रक्ताची वाटली. तो दोरा होता.

काकूंचा चेहरा पडला. "अगं, घरी आला तेव्हा संक्रांतीला मीच बांधला होता. दृष्ट लागू नये म्हणून."

पिल्लू वाढलं, दोरा तेवढाच राहिला, वरून केसांनी झाकला गेला. मी तिथेच मशीन बंद केलं. असल्या जागी ग्रूमरने कात्री चालवायची नसते, कितीही सोपं दिसलं तरी. अर्धवट भादरलेला लाडू टॉवेलात गुंडाळून आम्ही जवळच्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन दोरा काढला. पाय वाचला.

जखम भरल्यावर काका पुन्हा आले, शिकायलाच. केस थराथराने उचलायचे, मुळापासून बारीक तारांचा स्लिकर ब्रश फिरवायचा, मग स्टीलचा कंगवा. तो अडला तर काम झालेलं नाही. बगला, कानामागची जागा, पट्ट्याखालची मान रोज बघायची. काकांचा हात चांगला बसला. काकूंना मात्र लाडू अजून "उघडा" वाटतो.

जाताना काकूंनी हळूच विचारलं, "मग आता दोरा बांधायचाच नाही का?"

"पट्ट्याच्या कडीला बांधा," मी म्हटलं. "आणि आंघोळीला पट्टा काढून ठेवत जा."